एकतीस नंबरची जर्सी

प्रिय जया,

काल तू माझ्यापासून दहा पावलांवर उभी होतीस आणि आज मी तुला पत्र लिहितोय. हसू नकोस. तुमची बस अकरा वाजता अंधेरीच्या गेस्ट हाउसवरून कोल्हापूरला निघते हे मला ठाऊक आहे, त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं. मी गोरेगावला, मैदानामागच्या खोलीत बसलोय. मशीनमध्ये कालच्या जर्सी फिरतायत. लीगमध्ये टिकलो म्हणून पोरांनी काल मला खांद्यावर घेतलं होतं. टीम मॅनेजरला कोणी खांद्यावर घेतं का गं? चष्मा पडला, एक काच गेली. एका डोळ्याने लिहितोय असं समज.

तुमच्या पोरांचे चेहरे बघवत नव्हते. नुसती बरोबरी झाली असती तरी तुम्ही वाचला असतात आणि आम्ही खालच्या विभागात गेलो असतो. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला आमच्या नितेशने डोक्याने गोल मारला आणि सगळं उलटंपालटं झालं. तुमचा गोलकीपर खांबाला धरून बसूनच राहिला. खाली गेलात तर तुमचे मालक क्लबला टाळं लावणार, हे तूच दिवाळीत फोनवर सांगितलं होतंस. तरी सामना संपल्यावर तू आमच्या बाकाकडे आलीस, हात मिळवलास आणि नेहमीसारखं विचारलंस, "काय रे किऱ्या, कागद चोख ना?" मी म्हटलं, "एकदम चोख."

कॉलेजच्या टीमचं आपण दोघं बघायचो, तेव्हा ही सवय तूच लावलीस. सामन्याआधी जर्सी नंबराप्रमाणे जमिनीवर मांडायच्या, टीम शीट हातात घ्यायची, एकेक नंबर आणि एकेक नाव मोठ्याने वाचायचं, मगच सही. मी चिडवायचो, बारसं करतेस की काय? तू म्हणायचीस, सही करणाऱ्याच्या कानावर एकदा तरी खरं पडू दे. पुढे तू कोल्हापूरच्या क्लबात मॅनेजरच्या नोकरीला गेलीस. मी तुला थांब म्हणालो नाही. तेही तेव्हा मोठ्याने म्हणायला हवं होतं खरं तर. पण तुझी ही पद्धत मी सोडली नाही. पाच वर्षांत एकदाही नाही.

आता शिलाँगचं ऐक. गेल्या रविवारी तिथे आमचा सामना होता. साठाव्या मिनिटाला नितेशची भुवई फुटली, त्याची अठरा नंबरची जर्सी रक्ताने माखली. रक्ताची जर्सी घालून खेळता येत नाही, म्हणून प्रत्येक टीम एक बिननंबराची जर्सी जवळ ठेवते. आमची इथेच राहिली होती, या खोलीतल्या दोरीवर वाळत. बॅग मीच भरली होती, त्यामुळे दुसऱ्या कोणाला शिव्या घालायचीही सोय नाही. मी बाकावरच्या रतनच्या अंगातली एकतीस नंबरची उतरवली, नितेशच्या डोक्यातून घातली आणि त्याला आत ढकललं. नंबर बदलला हे बाकांजवळ उभ्या असलेल्या चौथ्या पंचाला सांगायचं असतं. तो पलीकडे दोन कोचांचं भांडण सोडवत होता. मोकळा झाला की सांगू म्हटलं. चारच मिनिटांत नितेशने कोणाचा तरी शर्ट ओढला, पंचाने पिवळं कार्ड दाखवलं आणि वहीत लिहिलं, एकतीस. मी मात्र नंतर सांगायचं साफ विसरलो.

बुधवारी लीगची यादी आली. रतनच्या नावावर एक कार्ड, आणि रतन तर त्या दिवशी बाकावरून उठलाही नव्हता! नितेशच्या नावावर तीनच. चार झाली की पुढचा सामना बाहेर, हे तुला मी काय सांगू. त्याची खरी चार झाली होती आणि पुढचा सामना तुमच्याशी होता. दुरुस्तीची मेल लिहून ठेवली. पाठवतो, पाठवतो म्हणता शनिवार उजाडला. विसरलो वगैरे काही नव्हतो आता, जया. आमच्याकडे गोल मारणारा तो एकटा आहे. त्याचे वडील, धोंडूकाका, मुलुंडहून प्रत्येक सामन्याला येतात आणि घरून आणलेले तांदळाचे लाडू अख्ख्या बाकाला वाटतात. त्यांचा लाडू हातात घेऊन मी तुमच्या मुळावर उठलो.

काल जर्सी मांडल्या तेव्हा नितेश भुवईवरची पट्टी चाचपत आला. "दादा, कार्डाचं काय लफडं नाय ना?" ही पोरं कार्डं मोजत नाहीत, ते माझं काम. मी म्हटलं, "तू खेळ रे." मग वाचायला घेतलं. सतरापर्यंत मोठ्याने वाचलं. अठरा मनातल्या मनात. एकोणीसपासून पुन्हा मोठ्याने. कोणाच्याच लक्षात आलं नाही. खाली सही केली, आणि सहीसुद्धा नेहमीपेक्षा झकास आली.

बाद खेळाडू खेळवला तर सामना समोरच्या टीमला मिळतो. पण तक्रार त्याच टीमने करायची, लेखी, सामना संपल्यापासून चोवीस तासांत. म्हणजे आज संध्याकाळी सहापर्यंत. म्हणून फोन केला नाही. फोनवर मी काहीतरी फालतू विनोद करून विषय बदलला असता, आणि माझ्या नुसत्या बोलण्याने तुझं काम झालं नसतं. शिलाँगच्या सामन्याचा व्हिडिओ तुमच्याकडेही असेल. एकतीस नंबर घातलेल्या पोराची भुवई बघ. सोबत हे पत्र जोड. तुला थांब म्हणालो नाही, हे वाक्यही मग लीगवाले वाचतील, वाचू देत. नितेशला यातलं काही ठाऊक नव्हतं, एवढं मात्र तक्रारीत स्पष्ट लिही. पोरं मला माफ करणार नाहीत. धोंडूकाकांना तोंड कसं दाखवू कळत नाही. मी घाबरलोय गं. पण खाली सही करण्याआधी अख्खं पत्र मशीनच्या खडखडाटात मोठ्याने वाचून काढलं. अठरासुद्धा.

तुझाच,
किरण