कुठं निघालास?

पुणे, १९५६

तीर्थरूप आईच्या पायांवर सावळारामचा माथा.

मी खुशाल हाय. तुझा गुडघा कसा हाय? गाय व्याली का?

इथं घरमालकिणीनं लई वैताग आणलाय. निघालेल्या माणसाला 'कुठं' इचारू नये, काम फिसकटतं, हे आपल्या राजुरीत शेंबडं पोरगंबी जाणतं. ही मातर रोज मी उंबरा ओलांडला की माडीवरनं वरडती, "कुठं निघालास रे?" मग माघारी फिरायचं, घोटभर पाणी पिऊन टेकायचं, पुन्हा निघायचं. कारखान्यात उशीर व्हतो, मुकादम खेकसतो. नोकरी अजून कच्चीच हाय.

काल ती लेकीकडं गेली. आज मी उंबऱ्यात थांबलो, चपला वाजवल्या, तरी कुणी हाक मारंना. असला राग आला, आई! एवढ्या मोठ्या पुण्यात मी कुठं चाललो, हे इचारणारं दुसरं कुणीबी न्हाई.

तुझाच,
सावळाराम