भिंतीनं पाठ दिली

१२ जानेवारी, रविवार

सत्तर मिनिटं! सत्तर मिनिटं माह्या पोरीले बाकावर बसवून ठेवलं, अन् शेवटी कायले उतरवलं — तर कोणी बोलू नये म्हणून! दोन वर्षं झाले, डाव्या अंगाची ती जागा मिनलची आहे. आमच्या फुटबॉल मंडळाच्या कुत्र्यालेही माहीत आहे. आता मौद्याहून ही जया आली, तीन महिने नाही झाले, अन् अकरा नंबर तिच्या पाठीवर. कोचले विचारलं तर ताराचंद म्हणते, "सुभद्राबाई, मी फॉर्म पाहून टीम लावतो, नातं पाहून नाही." अरे, नातं कोण सांगून राहिलं तुले? मी तिच्या टाचेचे फोड सांगून राहिली. सतरा वर्षांची पोरगी साडेपाचले उठून थंडीत धावते. ते तुह्या कोणत्या कागदावर आहे?

बाप सुरतेले लूमवर, दिवाळीले तोंड दाखवते. तो असता तर बोलला असता. नाही, नसता बोलला. बोलायचं काम माहंच आहे.

लिहून ठेवते. मिनलच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती. चौथी शिकली मी. चुकलं तर चुकलं, कोण वाचते.

१४ जानेवारी, मंगळवार

आज टपरीवर दिवसभर तेच. माही चहाची टपरी मैदानाच्या भिंतीले लागून. भिंत कमरेएवढी, तिच्यावर बसते ते सारे शहाणे. त्यायलेच लोक 'भिंत' म्हणते. भिंत बोलली, भिंत चिडली, असं. बाया त्यात एकच — मी. अकरा वर्षांची होती तेव्हापासून.

धोंडबाजी सत्तरचे. पायजमा वर करून नडगीवरचा खड्डा दाखवते साऱ्यायले, चाळीस वर्षं जुनी लाथ. ते म्हणे, "मिनल मेहनती आहे वं, पण पाय जड पडला तिचा. जयाचा डावा पाय म्हणजे लोणी."

"लोणी आहे तर पोळीले लावून खा," म्हटलं.

ऑटोवाला अमोल मध्येच, "खेळ ठीक आहे हो काकू, पण अ‍ॅटिट्यूड पाहा ना त्या पोट्टीचा! गोल मारते अन् हसत नाही. कोणाशी दोन शब्द नाही. मॅच संपली का बॅग उचलली अन् बसस्टॉप!"

"बस सुटली तर तू फुकट नेशील का गा मौद्यापर्यंत?" धोंडबाजी.

सारे हसले. मी नाही हसली. अमोलनं बरोबर नस पकडली होती. अ‍ॅटिट्यूड.

१६ जानेवारी, गुरुवार

प्रॅक्टिसले जाताना ती टपरीसमोरून गेली. मी मोठं माणूस असून आपल्या तोंडानं जयभीम केला. तिनं मान नाही वळवली! सरळ चालली गेली. चार माणसं बसले होते!

"मुकी आहे का बे ही?" म्हटलं मोठ्यानं.

अमोलनं तेच नाव उचललं. सांजपर्यंत साऱ्यायच्या तोंडी. मुकी.

१९ जानेवारी, रविवार

भिंतीनं आज गळा फाडला. "ए मुकी! मुकी, हस ना!" माहा आवाज साऱ्यायच्या वर. माह्या आवाजानं समोरच्या टीमच्या गोलकीपर रडल्या आहे पूर्वी, खोटं नाही सांगत.

हिच्यावर काहीच नाही! दगडाची. दोन गोल मारले वरतून.

अन् आमची मिनल! बाकावर बसली तर बस ना. ते नाही — लाइनीवर उभी, हात वर, हात आडवा, डोक्यावर थापा. माकडासारखी. लोक पाहून राहिले. मी ओरडली, "खाली बस वं!" तिनं माह्याकडं पाह्यलं अन् हात हलवतच राहिली.

जागा गेली तर गेली, अक्कलही गेली का काय.

२१ जानेवारी, मंगळवार

आज म्हटलं भिंतीले, "ओरडून काही होत नाही. पाठ द्या तिले."



पाठ देणं म्हणजे — त्या खेळाडूच्या पायाले बॉल लागला का साऱ्या भिंतीनं फिरून बसायचं, तोंड रस्त्याकडं. शिवी नाही, आवाज नाही. फक्त पाठ. इतक्या वर्षांत मी दोनदा पाह्यलं. एकानं मुद्दाम आपल्याच गोलात मारला होता. दुसऱ्यानं समोरच्या पोराचा गुडघा जाणून तोडला होता. दोघंही ह्या मैदानावर मग कधी दिसले नाही.

धोंडबाजी म्हणे, "सुभद्रा, पाठ बेइमानाले देतात. न हसणाऱ्या पोरीले नाही."

"मग तुम्ही बसा मैदानाकडं तोंड करून."

अमोल म्हणाला, "हाव, देऊ पाठ." मग दुसरा. मग सारे.

२६ जानेवारी, रविवार

झालं.

पहिला बॉल तिच्याकडं आला अन् आम्ही फिरलो. तीस-चाळीस माणसं एका झटक्यात. धोंडबाजी तेवढे नाही फिरले. मले रस्ता दिसत होता. झेंडा लावलेले ऑटो, तर्रीपोह्याची गाडी, कापलेली संत्री. मागं मैदान असं शांत का शाळा सुटल्यावर असते तसं.

तिसऱ्या वेळी राहवलं नाही. मान तिरपी करून पाह्यलं. ती उभी होती, बॉल पायाशी. आमच्याकडं पाहून राहिली. एकेक पाठ पाहून राहिली, जशी मोजते. समोरच्या टीमची पोरगी आली अन् तिच्या पायातून बॉल सहज घेऊन गेली.

हाफ टाइमले ताराचंदनं तिले काढलं, मिनलले घातलं. आम्ही तोंड परत मैदानाकडं केलं. मी टाळ्या वाजवल्या, तळहात लाल झाले.

माह्या पोरीची जागा माह्या पोरीले भेटली.

२७ जानेवारी, सोमवार

मिनल जेवली नाही. दोनदा वाढलं.

२ फेब्रुवारी, रविवार

एक-शून्य जिंकलो. मिनल पूर्ण खेळली. भिंत म्हणते फॉर्म आला. जया आलीच नाही, मागच्या सोमवारपासून नाही आली.

घरी येऊन मिनलनं जर्सी भिजत घातली. 

"आनंद कर ना वं जरासा!" म्हटलं.

"कोणासोबत?" म्हणे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

लिहावं वाटत नाही. तरी लिहिते.

सांजच्याले पोळ्या लाटता लाटता बोलली. वर नाही पाह्यलं तिनं.

"आई, जयाले ऐकू येत नाही. डावा कान पूर्ण बंद. उजव्यानं थोडंसं. शिट्टी कधी येते, कधी नाही. आधीच्या टीमनं त्याच्यामुळंच काढलं होतं तिले. इथं कोणाले नाही सांगतलं, मलेच सांगतलं."

मले जयभीम आठवला. तेव्हा माही टपरी तिच्या डाव्या कानाकडं होती.

"म्हणून मी लाइनीवर उभी राहत होती. शिट्टी झाली का हात वर. ऑफसाइड असलं का आडवा. मागून कोणी आली का डोक्यावर थाप."

"अन् तुह्या जागेचं काय?" — पाहा! तेव्हाही हेच निघालं माह्या तोंडातून.

"माही जागा तीच होती, आई. मले आवडत होती."

पोळी उलटली तिनं. मग म्हणे, "तुम्ही मुकी मुकी करत होते ना, तिले एक शब्द नाही ऐकू आला. मले विचारत होती, भिंत आज एवढी खूष काहून आहे. पाठ मात्र दिसली तिले."

६ फेब्रुवारी, गुरुवार

टपरी बंद ठेवली. पारडीवरून मौद्याची बस धरली. मिनल येत नव्हती, पत्ता तेवढा दिला.

जया तिच्या मावशीजवळ राहते, इंदुताई. दोघी मिरच्या खुडायच्या जागी, सातऱ्यावर होत्या, लाल मिरच्यांचा ढीग, देठ खुडून राहिल्या होत्या. मले ठसका लागला. पाणी जयानंच आणून दिलं. मी कोण ते तिले पक्कं माहीत होतं.

मी तिच्या उजव्या बाजूले जाऊन बसली. म्हटलं, "मी चुकली वं." ती माह्या ओठांकडं पाहत होती. इंदुताईनं पुन्हा मोठ्यानं सांगतलं, "चुकली म्हणते ती!" आजूबाजूच्या बायांनी माना वर केल्या. बरं झालं. ऐकू दे साऱ्यायले.

जया म्हणे, "काकू, मी काय केलं होतं?"

साध्या आवाजात. खरंच विचारत होती. ज्याले पाठ देतात त्यानं काहीतरी केलेलं असते, एवढं तिले मिनलनं सांगतलं होतं. अन् ती दहा दिवस झाले शोधून राहिली होती, आपण काय केलं!

माह्याजवळ साऱ्या दुनियेले उत्तर आहे. पण "तू हसत नव्हती," हे कोणत्या तोंडानं सांगू?

मी तिच्याजवळच्या मिरच्यांचे देठ खुडू लागली. बराच वेळ. निघताना तीच म्हणे, "रविवारी येते मी. पण कानाचं कोणाले सांगू नका. ताराचंद सरांले तर नाहीच."

"पोटात ठेवते," म्हटलं. डोक्यावर हात ठेवला तिच्या.

बोटं अजून जळते मिरचीनं.

८ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस! दोन दिवस नाही राहिलं माह्या पोटात.

अमोल भिंतीवर बसून हसून राहिला होता. "मुकी पळाली! उतरला अ‍ॅटिट्यूड!" रविवारी तू तोंड करून बस रे बाबा, एवढंच सांगाले मी उठली होती. तेवढंच सांगायचं होतं. पण डोकं तापलं.

"बहिरी आहे ती, बहिरी! शिट्टी ऐकू येत नाही तरी सहा गोल देऊन गेली तुमच्या टीमले! तुम्ही दोन दोन कानांचे काय देऊन राहिले?"

 अमोलनं मान खाली घातली. धोंडबाजीनं टोपी काढली. अन् मले — लिहितेच खरं — मले बरं वाटलं. वाटलं, फेडलं मी.

वळली तर ताराचंद. हातात माह्याच टपरीचा ग्लास.

"हे खरं आहे, सुभद्राबाई?"

"नाही," म्हटलं.

आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलली असेन. त्यानं ग्लास तसाच ठेवला, चहा न पिता.

९ फेब्रुवारी, रविवार

जया आली. भिंत सारी उभी होती, तोंडं मैदानाकडं. अमोल तर टाळ्या वाजवून राहिला होता. तिनं साऱ्यायकडं पाह्यलं अन् हसली. पहिल्यांदा! दात पुढं आहे तिचे जरासे. म्हणूनच हसत नसेल पोरगी.

मग ताराचंद तिले बाजूले घेऊन गेला. मले ऐकू येत नव्हतं. त्यानं आपल्या कानाले बोट लावलं, ते दिसलं.

तिनं माह्याकडं पाह्यलं. एकदाच. मग बॅग उचलली अन् बसस्टॉप.

मी ताराचंदच्या अंगावर गेली. तो म्हणे, "शिट्टी ऐकू नाही आली अन् कोणाचा पाय मोडला, तर मी त्या मायबापांले काय सांगू? मले कळलं नसतं तर खेळवलंच असतं ना, बाई."

मिनलनं अकरा नंबर अंगातून काढला. घडी केली, बाकावर ठेवली. आतल्या टी-शर्टवर घरी चालत गेली, एवढ्या लोकांतून. तीन गोलांनी हरलो. भिंतीवर कोणी फॉर्मचं नाव नाही काढलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

मिनल एवढंच म्हणाली, "पहिल्या वेळी तू तिले ओळखत नव्हती, आई."

१२ फेब्रुवारी, बुधवार

ताराचंदच्या घरी गेली होती. हात जोडले. त्याची बायको म्हणे, चहा घ्या. घेतला नाही. तो म्हणे, डॉक्टरचा कागद आणा, मग पाहू. इंदुताईले फोन केला तर तिनं ऐकून घेतलं अन् म्हणे, "ती नाही येत आता तिकडं. तुम्ही नका त्रास घेऊ." असं गोड बोलून बंद केला. शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं.

टपरीवर चहा देते, पैसे घेते. धोंडबाजी म्हणे, "बोल ना वं काही. भिंत ओस वाटते." मी ग्लास विसळले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मिनलनं माह्यासमोर कागद ठेवला. मंडळ सोडायचा. अठरा पूर्ण नाही, म्हणून आईची सही लागते. अकरावीची परीक्षा झाली का मौद्याले जाते म्हणे, इंदुताईजवळ राहीन, तिथं पोरींची टीम उभी करतो आम्ही दोघी, जया खेळेल अन् मी लाइनीवर.

"अन् मी येऊ का तिथं? पाहाले?" विचारलं.

"ते नंतर. आधी हे. बुधवारपर्यंत सांग, हो का नाही," म्हणे. "तोंडानं नको सांगू, आई. लिहून दे."