कॅनडाच्या पाकिटातला कागद

अहो,

सोनीला घेऊन सकाळच्या मोटारीनं यवतमाळला जाते आहे. तुमचं कॅनडाचं पाकीट चिकटवायला घेतलं, तर आत डॉक्टरांची चिठ्ठी निघाली. सोनीच्या उजव्या पायाची. बारा दिवस शोधत होते मी, आणि तुम्ही म्हणत होता, "तूच कुठं तरी ठेवली असशील."

त्या चिठ्ठीच्याच पाठीवर तुम्ही कॅनडातल्या मित्राला फिरत्या घराची मोटार काढून दाखवली आहे. कोणत्या डोंगरात मुक्काम, चार बिछाने, स्टो, दाराशी जोडे ठेवायची जागासुद्धा. मामंजी काल हसत होते, "आपले आजे बैलावर घर लादून डोंगर पालथे घालत. याले त्याच्यासाठी बोटीनं कॅनडाले जा लागते!" मला हसू आलं नाही. डॉक्टरांनी गेल्या शनिवारी बोलावलं होतं.

कागद मी नेते आहे. मोटार दुसऱ्या कागदावर काढा. मामंजींची भाकर टोपल्यात आहे, वरण तेवढं गरम करून द्या.

नव्या चित्रात जोड्यांची जागा विसरू नका. आपली दीड वर्षाची लेक जोडे कधी घालेल, ते मी डॉक्टरांना विचारून येते.

जमना