पडद्यावर एकशेतीस, धावते नव्वद

सूनबाई,

गोळी घेऊन झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. काल तुझं मनगट मोडून माझ्या दिवट्या लेकाने गाडीचा भिंतीवरचा चार्जरही हातोड्याने फोडला. पण साध्या प्लगची वायर डिकीत होती. तो कामावर गेल्यापासून गाडी स्वयंपाकघरातून चार्जिंगला लावलीय. बॅटरी जुनी आहे. पडद्यावर एकशेतीस किलोमीटर दाखवेल, धावते नव्वदच. तुझं माहेर ऐंशीवर. एसी लावू नकोस, गाडी दामटू नकोस. गिअर नाहीत, एका हाताने जमेल.

मी त्याच्या कारखान्याच्या फाटकावर ठाण मांडते. तासभर तरी अडवीन मेल्याला. हात उगारू दे माझ्यावर, तू मागे फिरू नकोस.

त्याच्या बापाने माझे दात पाडले, तेव्हा दारात गाडी नव्हती.