पडद्यावरचं गाऱ्हाणं

पार्से, रविवार. जेवण गार झालं तरी चालेल, आधी हे लिहिते.

आज देवळासमोर आजोबांचा सिनेमा दाखवला. एवढे नावाजलेले दिग्दर्शक, पण त्यांच्या स्वतःच्या गावात आज पहिल्यांदाच! गावचे मानकरी, गावकार बाबलकाका सकाळीच कुरकुरले होते, "मुंबयक गेलो आनी गावाक विसरलो तो."

मला धास्ती गाऱ्हाण्याच्या प्रसंगाची. नायक नारळ ठेवून देवाकडे एकेक मागणं घालतो आणि दर मागण्यानंतर थांबतो. थांबतोच. समीक्षकांनी त्या थांबण्यावर पानंच्या पानं लिहिली. म्हणे माणसाचा एकाकीपणा, देवाचं मौन. लोक कंटाळून उठतील म्हणून मी तर तो प्रसंग गाळायला निघाले होते. काय म्हणावं मला?

नायकाने पहिलं मागणं घातलं. थांबला. आणि देवळात गाऱ्हाण्याच्या दर मागण्याला गाव होकार देतं, त्या सवयीने बाबलकाका मोठ्याने म्हणाले, "व्हय म्हाराजा!" दुसऱ्या मागण्याला सगळं गाव, "व्हय म्हाराजा!" आवाज विरला की नायक पुढे बोले. प्रत्येक थांबणं बरोबर तेवढंच, गावाच्या होकाराएवढं! एकाकीपणा कसला डोंबलाचा? मी रडत रडत टाळ्या वाजवत होते.

खुर्च्या उचलताना बाबलकाका माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो खंय विसरलेलो? आमीच उशीर केलो."