शनीच्या वेगाची मोटर

३ फेब्रुवारी
दुर्बिणीचा स्टँड तयार. संपूर्ण घरगुती. (सुताराने फक्त कापून, जोडून, पॉलिश करून दिला.) कुठेही उचलून नेता येतो. आता आकाशाबरोबर हळूहळू फिरवणारी मोटर तेवढी निवडायची. बाबा बावीस तारखेपर्यंत आमच्याकडे, मग दादाकडे. शनीचं कडं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय म्हणतात. शनी रोज लवकर मावळतोय, महिनाअखेर दिसेनासा होईल. रविवारपर्यंत मोटर बसणार म्हणजे बसणार. बायकोने विचारलं, स्टँडची खुंटी हाताने फिरवली तर चालणार नाही का. हाताने फिरवायला ते काय जातं आहे?

५ फेब्रुवारी
ऑफिसातून थेट मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे. दोन तास. आता रोज जावं लागणार. स्टेपर टप्प्याटप्प्याने फिरते, डीसी सलग. डीसी पक्की केली. घरी येईपर्यंत स्टेपर पक्की केली.

८ फेब्रुवारी, रविवार
तुलनेचा तक्ता करतोय. अति घाई संकटात नेई.

१० फेब्रुवारी
मायक्रोवेव्हची ताटली फिरवणारी मोटर काढून बसवली. भिंतीतली वीज लागते, त्यामुळे स्टँड वायर पुरेल तिथवर कुठेही नेता येतो. जेवण एका बाजूने गरम, एका बाजूने गार. बायकोला व्होल्टेजचं कारण सांगितलं.

१३ फेब्रुवारी
भंगारातली वायपरची मोटर. ताकद जबरदस्त. आकाश चोवीस तासांत एक फेरी मारतं, माझी दुर्बीण आठ सेकंदांत. बाबांचा चष्मा थोडक्यात वाचला. वेग किंचित कमी करायला हवा. साधारण दहा हजार पटीने.

१६ फेब्रुवारी
शेवटी स्टेपरच. तासभर चाचणी. आवाज नाही, कंपन नाही. बाबा म्हणाले, हलत पण नाहीये. त्यांना समजावलं की इतकी संथ गती डोळ्यांना दिसत नसते.

१७ फेब्रुवारी
काल बटण चालू करायचं राहिलं होतं. कंपनाबद्दलचा निष्कर्ष मात्र कायम.

१९ फेब्रुवारी
मोटर, बॅटरी आणि त्यांच्या पेटीसकट स्टँड एकवीस किलो. वॉचमन, मी आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका मिळून गच्चीवर नेला. पोचेपर्यंत शनी मावळला. काकांची कंबर धरली.

२१ फेब्रुवारी, संध्या. ६.५०
सगळं वेळेत वर. मोटर अचूक फिरतेय. बाबांना बोलवायला खाली आलो. ते बॅग भरत होते. म्हणाले, शनी बघितला. तू रिवाइंडिंगवाल्याकडे बसायचास त्या संध्याकाळी सूनबाई मोटरशिवाय नुसता स्टँड आणि दुर्बीण वर न्यायची आणि खुंटी हाताने फिरवायची. चारदा बघितला. शेजारपाजारच्यांनीही बघितला. मला सांगणार होते, पण मी आल्या आल्या मोटरचंच सुरू करायचो.

७.३०
वाईट वाटलं. एकटाच वर गेलो. पश्चिमेला ढग.

खाली येऊन बाबांना विचारलं, कडं कसं दिसतं. त्यांनी बॅग बाजूला ठेवून मला नीट समजावून सांगितलं.