मी नाबोथ नव्हतो

प्रिय आत्या,

न सांगता देवाघरी गेलीस, म्हणून तुझ्याशी बोलायचंच नाही असं ठरवलं होतं. पण उद्या सकाळी माझे दोस्त राजू आणि पिंट्या उंबरगावला निघतायत. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

मनीषाचं लग्न ठरलंय, तिकडेच. जिच्यापायी मारामारी करून मी डहाणूचं कॉलेज अर्ध्यात सोडलं, तीच. काल अच्छाडच्या धाब्यावर राजू म्हणाला, "भाऊ, आम्ही दोघं पोराच्या घरी जाऊन सांगतो, हिचं तुझ्यासोबत सगळं झालंय. लग्न मोडलंच समज." मी हो म्हटलं.

काही झालेलं नाही, आत्या. मी विचारलं तेव्हा स्टेशनबाहेर ती एकदाच म्हणाली, "दीपक, मला नाही जमणार. परत विचारू नको."

तेव्हा गंजाडला तुझ्या ओट्यावर येऊन पडलो होतो. तांदूळ निवडता निवडता तू बायबलमधली नाबोथाची गोष्ट काढलीस, रविवारच्या वर्गात पोरांना सांगायचीस तशी. नाबोथाचा द्राक्षमळा म्हणजे आपली चिकूची वाडी समज, म्हणालीस. अहाब राजाला ती हवी, का तर भाजी लावायला. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांची आहे, देणार नाही. राजा रुसून भिंतीकडे तोंड करून पडला, जेवेना. मग राणीने, नाबोथाने देवाला शिव्या दिल्या असं सांगणारे दोन खोटे साक्षीदार उभे केले. नाबोथाला दगडांनी ठार मारलं आणि वाडी राजाची झाली.

"म्हणजे मी नाबोथ," मी म्हटलं. माझंच हिरावलं गेलं होतं ना?

तू हसलीस. "नाबोथ कुठे रुसून पडला होता? बाबा, ही माणसं बाहेर शोधू नको. राजा, राणी, साक्षीदार, सगळे आपल्या आतच राहतात. नाबोथसुद्धा."

मी भडकलो. सगळं आतच ढकलायचं, तर ज्याची जमीन खरंच लाटली त्याने डोळे मिटून बसायचं का? तू म्हणालीस, "त्याच्यासाठी भांडच. पण आधी बघ, तू कुणाच्या बाजूने उभा आहेस."

सरळ का नाही सांगितलंस गं? मला कोड्यातलं कळतं का कधी?

काल धाब्यावरून परतताना कळलं. दोन साक्षीदार तर मीच चहा पाजून तयार केले होते. नाही म्हणणारी मनीषा होती. तिचं आयुष्य ही तिची वाडी. आणि राणी माझ्याच डोक्यात बसून म्हणत होती, ऊठ, रडतोस काय, मी देते मिळवून.

ती मला अजून हवी आहे. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? आत नुसती आग आहे. आत्ताच राजूला फोन करून नको म्हटलं. तो म्हणाला, "बायल्या, तू घरी बस. आम्ही जातो."

मी बसणार नाही. सकाळी त्यांच्या बाईकसमोर आडवा उभा राहीन. तरीही ते पोचलेच, तर मागोमाग जाऊन त्या दारात सगळ्यांसमोर सांगेन, हे खोटं आहे आणि ते मी रचलंय. मनीषा तोंडावर थुंकली तरी चालेल. तिचं नाव खराब होणार नाही, आत्या. व्हायचंच असेल तर माझं होईल. हा शब्द तुला.

तुझा तापट भाचा,
दीपक
तलासरी